तेलाच्या देशातल्या माझ्या पेट्या

(सांगणारे : बबनदादा, कंपनीतल्या पॅकिंग खात्याचे जुने कामगार, राहणार थेरगाव)

मी थेरगावचा, नदीच्या अंगाला आमची वस्ती व्हती तिथला. आता तुमी ज्या रस्त्यानं आलात ना, तिथं तवा दोन्ही बाजूंनी ज्वारी डुलायची, आन त्यातलं एक ताट आमचं न्हवतं. बाप गावकीची कामं करायचा, मेलेली ढोरं वढायची, सांगावा घिऊन या गावचं त्या गावाला जायचं, सांजच्याला दारोदार भाकर मागायची. आमी बौद्ध झालो त्या साली बापानं ढोरं वढायचं बंद केलं, आन गावानं भाकर बंद केली, एकाच आठवड्यात दोन्ही. मंग बाप पिंपरीला कारखान्यांच्या बांधकामावर जायला लागला. तिथं परदेशातनं मशिनी यायच्या, त्यांच्या लाकडी पेट्या फोडून फळ्या फाटकाबाहेर टाकायचे, त्या बापानं डोक्यावर वाहून आणल्या आन त्याचंच घर बांधलं. आमच्या भिंतीवर इंग्रजी अक्षरं व्हती, उलटी छत्री व्हती, काचेचा पेला व्हता, पोरं म्हणायची की हे साहेबांच्या देवाचं चित्र हाय. दोन फळ्यांच्या मधनं बोट जायचं. थंडीत नदीवरनं वारा असा यायचा की अंगावरचं गोधडं उडायचं, म्हणून माय घमेल्यात कोळसे पेटवून मधी ठेवायची आन आमी भवतीनं झोपायचो, मी आन माझ्याहून आठ वर्सांनी ल्हान सुदाम. समदी थंडी आमी त्या कोळशावर काढायचो.

त्या सुदामचंच सांगायला बसलोय. तो तेलाच्या देशात कामाला गेला, त्याला माघारी आणायला मी गेलो, आन मी एकटा आलो, येवढं समद्या थेरगावाला ठाऊक हाय. त्यातलं जे कुणाला ठाऊक न्हाई ते आज तुमाला सांगतो, मंग माझ्याकडं बघून बोलायचं का न्हाई ते तुमचं तुमी ठरवा.

चीनची लढाई झाली त्या साली मी कंपनीत चिकटलो. कंपनी लेथ बनवायची, म्हंजे लोखंड कातायची मशिनं. नाव घेत न्हाई, भाकर खाल्लीय तिची, आन अजून खातोय. मला टाकलं पॅकिंगला. पॅकिंगला कुणी जायचं न्हाई तवा, भुसा न् खिळे न् ग्रीस, अंगाला वास. तिथं कोकणातले एक मेस्त्री व्हते, जातीचे सुतार. पयले सहा म्हैने त्यांनी मला हत्याराला हात लावू दिला न्हाई. फळ्या वाहा, वाकडे खिळे सरळ कर, भुसा भर. मंग एक दिस त्यांचा माणूस आला न्हाई आन माल तर निघायचा व्हता, तवा म्हणले, धर रे रंधा, आन तुझा पाण्याचा डबा मात्र तिकडंच ठेव. रंधा दिला, पाणी न्हाई दिलं. पण काय सांगू तुमाला, त्या माणसानं शिकवलं मात्र मन लावून, मारून मारून शिकवलं.

दर्यातनं जायची पेटी येगळी असती. लोखंडाला खारा वारा लागला की गंज आलाच. म्हणून आधी मशिनला ग्रीस फासायचं, वर मेणाचा कागद, मंग पेटीला आतनं डांबरी कागद, कोपऱ्याला दुहेरी, सांध्याला नमद्याची, म्हंजे दाबलेल्या लोकरीची पट्टी, खिळ्याला खिळा लागून, आन वरनं लोखंडी पट्टी आवळायची. पेटी झाली की मेस्त्री आत एक बल्ब सोडायचे, खात्यातले दिवे मालवायचे आन पेटीभवती फिरायचे. कुटनं एक किरण दिसला की कानफटात. म्हणायचे, उजेड भायेर येतो म्हंजे वारा आत जातो. मेस्त्री रिटायर झाले, मी मुकादम झालो. माझ्या हाताखाली दोन सुतार व्हते, महाराच्या पोराच्या हाताखाली, आन माझ्या पेटीतनं कधी उजेड भायेर आला न्हाई. गर्व व्हता का म्हणाल तर व्हता. अजून बोलताना येतो बघा, लाज वाटत न्हाई माणसाला.

सुदामला म्या शिकवला. आयटीआय केला, टर्नर झाला, आमच्याच कंपनीत लागला, पुनावळ्याची शालन करून दिली त्याला. लेथवर उभा राह्यला की हात असा चालायचा, साहेब लोक थांबून बघायचे. पोरगी झाली एक. आन मंग ते तेलाचं झालं.

तुमाला आठवत असंल, तेलवाल्या देशांनी एका वर्सात भाव कुटल्या कुटं नेला. आमाला त्यातलं काय कळतंय, आमाला कळलं ते रॉकेलच्या रांगेत. पाच लिटरचा डबा घिऊन शालन सकाळी जायची ती दुपारी रिकामा डबा घिऊन यायची. कंपनीत आधी ओव्हरटाइम बंद झाला, मंग एक शिफ्ट बंद झाली, मंग ले-ऑफ. नवे पयले गेले, त्यात सुदाम गेला. वरीसभर तो आळंदी रोडला कुणाच्या तरी शेडात गेटं, खिडक्या करत व्हता. आन मंग गंमत बघा, त्याच तेलाच्या देशातनं आमच्या कंपनीला ऑर्डर आली, चाळीस लेथ, एकदम. इंजिनेर साहेब हसत पॅकिंगला आले, म्हणले, बबन, तुझ्या रॉकेलचा पैसा तिकडं गेला व्हता ना, तो आता आपण माघारी आणतोय. म्या इचारलं, साहेब, चाळीस मशिनं घिऊन ते काय करणार, तिथं कारखाना हाय का. साहेब म्हणले, कारखान्याची ऑर्डर दुसऱ्या देशाला दिलीय, ती पण येईल. चाळीस पेट्या केल्या आमी, दिसरात्र, ओव्हरटाइमवर. माझ्या उभ्या आयुष्यात येवढं चांगलं काम म्या केलं न्हाई.

तर मशिनं घेतली आन मंग त्यांच्या ध्यानात आलं की चालवायला माणसं न्हाईत. मंग माणसांची पण ऑर्डर निघाली. पिंपरीत एका हाटेलाच्या माडीवर एजंट बसायचा, त्यानं टर्नर, फिटर, वेल्डर घेतले, दोन वर्साचं कंत्राट. सुदाम मला म्हणला, दादा, आपलीच मशिनं हायेत, आपल्याच मशिनवर काम करायचं, फक्त देश येगळा. शालन रडली. म्या तिला म्हणलं, रडती कशाला, तो काय लढाईला चाललाय का.

देशाचं नाव घेत न्हाई, आपली माणसं हायेत अजून तिथं.

पयल्या पत्रात लिवलं की मशिनं आली न्हाईत. जहाज बंदराच्या भायेर उभं हाय, आन त्याच्या म्होरं आणखी जहाजं उभी हायेत, म्हैने म्हैने. दुसऱ्या पत्रात लिवलं, मशिनं आली पण इमारत न्हाई. तिसऱ्यात, इमारतीच्या भिंती झाल्या, छपराचा ठेकेदार पळाला. मंग लिवलं, वीज न्हाई. आन तोवर आमचे टर्नर काय करायचे, तर सिमेंट कालवायचे. हातात मायक्रोमीटर धरणारं माणूस, फावडं दिलं त्याच्या हातात. दोन वर्सं संपली, पासपोर्ट ठेकेदाराच्या कपाटात, मागायला गेलं की म्हणायचा, मशिनं चालू न्हाई झाली, म्हंजे तुमचं काम सुरूच न्हाई झालं, म्हंजे कंत्राट कुटं संपलंय. तिसरं वरीस निम्मं झालं. शालनला तो लिवायचा, मी मजेत हाय. मला लिवायचा, दादा, मला इथनं काढ.

आणीबाणी उठली त्याच्या नंतरची थंडी. कंपनीला तार आली की मशिनं बसवून द्या, मंत्री उद्घाटनाला येणार हाय. म्हंजे पेट्या धाडल्यावर तीन वर्सांनी. साहेब निघाले, आन पेट्या उघडायला मुकादम पाहिजे म्हणून मला घेतलं. म्याच पाय धरले व्हते त्यांचे, खोटं कशाला सांगू. साहेब, माझा भाऊ हाय तिथं, त्याला घिऊन येतो. साहेब चांगला माणूस, म्हणले, बघू आपण.

विमानात साहेबांनी मला समजावलं. म्हणले, बबन, या लोकांकडं पैसा येतो तो जमिनीतनं येतो, कुणी घाम गाळून आणत न्हाई, आन येतो तो इतका की त्यांच्याच्यानं पचत न्हाई. दर साली खर्चायचा असतो, मंग जो मंत्री जास्ती मागंल त्याला जास्ती मिळतं, मंग प्रत्येक जण कायतरी मागवतो. मशिन मागवतो, इमारत मागवतो, माणसं मागवतो, आन कुणी कुणाला इचारत न्हाई. म्या म्हणलं, मंग ज्यांचं तेल हाय त्या गरिबांना काय मिळतं. साहेब म्हणले, उद्घाटन बघायला मिळतं.

उतरल्यावर म्या डोळ्यांनी पाह्यलं. बंदरावर सिमेंटच्या गोण्या, डोंगर नुसता, आन हात लावला तर दगूड. जहाजावर थांबून थांबून सिमेंटचा दगूड झाला व्हता, ते उतरवायला माणसं मागवली व्हती आन ते टाकायला आणखी माणसं. दवाखाना बघितला, सात मजली, आत गार हवा, पलंगाचं प्लास्टिक काढलेलं न्हाई, डॉक्टर यायचे हायेत. त्याच दवाखान्याच्या मागं त्यांच्याच देशातल्या बाया डबे धरून पाण्याच्या टँकरला उभ्या. आमच्या शालनवाणी उभ्या. ज्यांच्या पायाखाली तेल, त्यांच्या डब्यात पाणी न्हाई, आन मला वाटलं व्हतं की आमचं रॉकेल ह्या बायांनी पळवलं. शाळा बघितली, बाकं न बाकं नवी, मास्तर शेजारच्या देशातनं यायचा व्हता तो आला न्हाई. आन रस्ता, काय रस्ता व्हता, सहा गाड्या जातील असा, वाळवंटात गेला आन संपला. त्या रस्त्याच्या टोकाला आमचा कॅम्प.

तिथं चाळीसातल्या तीस पेट्या उघड्यावर, वाळूत निम्म्या बुजलेल्या, आन धा पेट्या कुणीतरी आधीच उघडून मशिनं शेडात लोटली व्हती. त्या धा रिकाम्या पेट्यांत माणसं ऱ्हात व्हती. पत्र्याच्या खोल्या मोठ्या लोकांना, तंबू फाटलेले, म्हणून ज्याला पेटी मिळाली तो नशीबवान. सुदाम एका पेटीतनं भायेर आला. म्या त्याला वळखला न्हाई पयल्यांदा, दात तेवढे सुदामचे व्हते. गळ्यात पडला, रडला, आन मंग मला हाताला धरून आत नेलं आन दाखवलं, दादा, बघ, तुझी पेटी हाय, आख्ख्या कॅम्पात सगळ्यात भारी. वावटळ आली तर बाकीच्यांच्या तोंडात वाळू, माझ्या पेटीत एक कण येत न्हाई. केरळचा एक वेल्डर त्याच्याबरोबर ऱ्हायचा, तो पण मान हलवून हसला, म्हणला, गुड बॉक्स. दाराला त्यांनी एक फळी बिजागरीवर बसवली व्हती, तिच्या कडेला माझ्याच नमद्याची पट्टी काढून लावली व्हती. आन मी, काय सांगू तुमाला, मी खूश झालो. भाऊ पेटीत ऱ्हातोय त्याचं दुख बाजूला, पेटीची तारीफ झाली त्याचा आनंद.

दुसऱ्या दिशी साहेब मला घिऊन कॅम्पबॉसकडं गेले, म्हंजे ठेकेदाराचा तिथला माणूस. साहेबांनी त्याला सरळ सांगितलं की याच्या भावाचा पासपोर्ट देत नसाल तर मशिनं बसवल्याच्या कागदावर मी सही करणार न्हाई. कॅम्पबॉस घाबरला, त्याला मंत्र्याचं भेव. कपाट उघडलं, कपाटात पासपोर्टांची चळत, त्यातनं सुदामचा काढला आन टेबलावर फेकला. म्या उचलला. माझ्या ह्या हातात व्हता. साहेबांनी तिथनंच फोन केला, परवाच्या विमानात जागा हाय म्हणले.

हे समद्यांना सांगताना मी येगळं सांगतो. समद्यांना म्या सांगितलंय की पासपोर्ट मिळतच न्हवता.

भायेर आल्यावर साहेब म्हणले, बबन, एक अडचण हाय. उद्घाटन धा दिसांवर हाय. मशिन मी उभी करतो, पण मंत्र्याम्होरं चालवायला चांगला टर्नर पाहिजे, आन बाकीचे टर्नर पांगलेत, ज्यांना शोधलं त्यांचे हात बिघडलेत फावड्यानं. तुझा भाऊ राह्यला तर शोभा हाय कंपनीची. पण माझी जबरदस्ती न्हाई, त्यानं लई सोसलंय. न्हाई राह्यला तर मी कुणालातरी उभा करीन. तू ठरव.

तू ठरव म्हणले. म्या ठरवलं. सुदाम म्हणला, दादा, मी परवाच जातो, मला काय नको आता. त्यानं हात जोडले न्हाईत की काय न्हाई, साधं बोलला, पोरीचं तोंड बघायचंय म्हणला. आन म्या त्याला म्हणलं, अरे, अडीच वर्सं काढलीस, धा दिसांनी काय व्हतंय. येवढी मशिनं आपण धाडली, एक तरी चालू झालेली बघू दे की मला, आन तिच्यावर तुला उभा बघू दे, फोटू निघंल, कंपनीच्या बोर्डावर लागंल. ल्हानपणापासनं माझा शब्द त्यानं खाली पडू दिला न्हाई, म्या त्याला तसाच वाढवला व्हता. बरं दादा म्हणला, आन सिमेंटच्या पाळीवर गेला.

साहेबांच्या पत्र्याच्या खोलीत मला जागा दिली व्हती, तिथं विजेची शेगडी. त्यातल्या सातव्या का आठव्या दिशी गार वारं सुटलं. वाळवंटात दिसा भाजतं आन थंडी पडली की हाडात जाती. सुदामनं तेलाचा डबा कापला, त्यात कोळसे पेटवले, पेटीत मधी ठेवले आन दाराची फळी वढून घेतली. आमी जन्मभर तसंच झोपलो व्हतो. त्याला काय म्हाईत की थेरगावच्या घरात फटी व्हत्या, आन ह्या पेटीत मी एक फट ठेवली न्हवती.

सकाळच्या हजेरीला दोघं आले न्हाईत. फळी आतनं घट्ट बसली व्हती, ती पहारीनं म्या उचकटली, पेट्या उघडायलाच तर मला नेलं व्हतं. दोघं कोळशाच्या भवतीनं झोपलेले. सुदामचं तोंड लाल, गालावर रंग आलेला, तीन वर्सांत चांगला दिसला तो मला तवाच. हाक मारली, हलवला. त्याला त्या सात मजली दवाखान्यात नेला, पायऱ्यांवर ठेवला, शिपाई म्हणला, डॉक्टर यायचे हायेत.

कॅम्पबॉसनं इचारलं, मयताचा कागद कुणाच्या नावानं करायचा. म्हणला, मशिनं उघडी पडलीत, काम थांबता कामा नये, मंत्र्याची तारीख बदलत नसती. दुपारच्याला कॅम्पाच्या मागं वाळूत दोन खड्डे. वेल्डरचे गाववाले व्हते चार जण, त्यांनी त्यांचं काय म्हणायचं ते म्हणलं. सुदामला मी एकटा. त्रिसरण म्हणायला लागलो आन मधीच इसरलो, पुन्हा पयल्यापासनं म्हणलं, पुन्हा इसरलो. वारं इतकं व्हतं की लोटलेली वाळू उडून जायची. पुन्हा लोटायची.

आन मंग उद्घाटन झालं. झालं म्हंजे काय, व्हायचंच व्हतं. साहेब माझ्यापाशी येऊन खाली मान घालून म्हणले, बबन, कुणीच न्हाई, तू उभा ऱ्हा, मी समदं लावून ठेवतो, तू नुसती ही दांडी खाली करायची. मला टर्नरचं काय येतंय, मी पेटीवाला. सुदामसाठी नवा निळा डगला आणला व्हता तो मला घातला. वीज न्हवतीच, शेडाच्या मागं ट्रकवर जनरेटर, त्याचा आवाज येऊ नये म्हणून म्होरं बँड उभा केला. चाळीस मशिनं रांगेत पुसून ठेवलेली, त्यातलं एकच जोडलं व्हतं. मंत्री आला, अत्तराचा वास आला. म्या दांडी खाली केली. मशिन फिरलं, लोखंडाची साल निघाली, निळी, लांबलचक, न तुटता. तीन वर्सं दर्यात न् वाळूत पडलेलं मशिन, आन गंजाचा ठिपका न्हवता त्याच्यावर, येवढी माझी पेटी चांगली. टाळ्या झाल्या. मंत्र्यानं ती साल उचलली, बोट भाजलं, हसला. फोटू निघाला. पाच मिन्टांत जनरेटर बंद, मशिनवर ताडपत्री, बँडवाल्यांना बिर्याणी. ती ताडपत्री पुन्हा कुणी काढली न्हाई म्हणतात.

तो फोटू कंपनीच्या बोर्डावर लागला. खाली लिवलं व्हतं, परदेशात आपली मशिनं. त्यात मी हाय, निळ्या डगल्यात. येता-जाता लोक म्हणायचे, राव, मोठं नाव काढलंस.

घरी आलो तर शालन दारात. म्या तिला सांगितलं, कपाळ माझं, लई धडपड केली, पासपोर्ट दिला न्हाई हरामखोरांनी, आन मंग थंडीत असं झालं. तिनं आधी माझ्या मागं बघितलं, मंग खाली बसली. मंग काय म्हणली ठाऊक हाय, म्हणली, भाऊजी, तुमी तरी शेवटाला जवळ व्हता, माझ्यापरीस तुमी नशीबवान. पासपोर्ट माझ्या पिशवीत व्हता तवा. अजून हाय, पत्र्याच्या ट्रंकेत कापडाच्या तळाला.

त्यानंतर पयली पेटी केली तवा माझा हात थांबला. गिरमिट घेतलं आन दोन भोकं पाडली, फळीखाली, कुणाला दिसू नयेत अशी. मंग प्रत्येक पेटीला पाडायला लागलो. मला ठाऊक हाय की आत मशिन जातं, माणूस न्हाई जात. पण आत कोण ऱ्हायला जाईल ते तुमाला आन मला काय ठाऊक. दोन वर्सं चाललं, मंग बाहेरनं तक्रारी आल्या, मशिनं गंजून पोचली म्हणून. साहेबांनी खात्यात दिवे मालवून पेटीत बल्ब सोडला. दोन किरणं भायेर आली. मला मेमो दिला, युनियनवाल्यांनी इचारलं, बबनदादा, कारण सांगा, काय तरी कारण सांगा म्हंजे आमाला भांडता येईल. म्या गिरमिट टेबलावर ठेवलं. मुकादमकी गेली. आता ज्या खात्यात मी दोन सुतारांना हुकूम द्यायचो, तिथंच भुसा झाडतो. साहेब जाताना माझ्याकडं बघत न्हाईत, त्यांना कारण ठाऊक हाय.

तिकडनं एक जण आला परवा, पिंपरीचाच. म्हणला, आता तेलाचा भाव उतरायला लागलाय, निम्मी कामं बंद झाली, ठेकेदार एका सकाळी माणसं टाकून पळाले. पैसा आला तवा कुणी आमाला इचारलं न्हाई, जातोय तवा पण न्हाई. शेडाला कुलूप हाय म्हणला, मशिनं तशीच, पण पेट्यांत मात्र अजून माणसं ऱ्हात्यात. म्या इचारलं, थंडीत काय करत्यात. तो म्हणला, मला काय ठाऊक दादा, मी तंबूत व्हतो.

शालन आता आमच्यातच असती. भाकर तीच करती, पयली भाकर मला वाढती, गावात कुणी म्हणलं की बबनदादा वेडा झाला, चांगल्या पेट्यांना भोकं पाडत बसला, तर ती भांडायला उठती. म्हणती, भावाच्या दुखानं झालंय त्यांचं तसं, तुमाला काय कळणार. किती वेळा चुलीपाशी बसलो की आज सांगायचंच. तोंड उघडतो आन ती इचारती, भाऊजी, आणखी वाढू का. मी म्हणतो, वाढ.

तिची पोरगी आता सातवीत हाय, छापलेलं कायबी घडाघडा वाचती, आयेला वाचून दाखवती. म्हणून तुमाला बसवून घेतलं. तुमी लिवा, जसं बोललो तसं लिवा, माझी बाजू सावरू नका, आन छापून आलं की एक प्रत ह्या पत्त्यावर धाडा, माझ्या नावानं नको, शालनच्या नावानं धाडा. तुमच्या लेकराबाळांचं बरं व्हवो, येवढा वेळ बसलात. मंग ती मला वाढंल, न्हाईतर न्हाई वाढणार, पण तिला कळू दे. पासपोर्ट माझ्या हातात व्हता. विमान परवाचं व्हतं. जागा व्हती.